वर्तमानपत्रावरचे थेंब

दारातल्या शहाबादी फरशीवरचा डाग पहिल्यांदा दिसला तो आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना. रोज सकाळी मी गाडी बाहेर काढली की त्या तिथं सडा घालतात, रांगोळी काढतात. त्या दिवशी ठिपके मांडायच्या जागेवर बोट चिकटलं. रुपयाएवढा काळपट गोल होता. त्यांनी राख टाकली, विटेच्या तुकड्यानं घासलं, चिंचेचा कोळ लावून बघितला. डाग फिकट झाला, पण गेला नाही. चार दिवसांनी शेजारी दुसरा आला. तेव्हा त्यांनी मला हाक मारली, "तुझ्या गाडीचं कायतरी गळालंय बघ."

माझी गाडी हजार सीसीची, तीन सिलिंडरची छोटी पेट्रोल गाडी आहे. घेऊन अकरा वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं ती रोज बेळगावातल्या अनगोळहून जांबोटीच्या बाजूला, माझ्या शाळेच्या गावी जायची. पिरनवाडी, किणये, पुढं झाडी. पावसाळ्यात त्या रस्त्यावर दिवसासुद्धा दिवे लावावे लागतात. नऊ वर्षांत गाडीनं मला एकदाही वाटेत सोडलं नाही. मग माझी बदली घराजवळच्या शाळेत झाली. जेमतेम दोन किलोमीटर. मला खरोखर वाटलं, आता गाडीला आराम. सकाळी शाळा, संध्याकाळी घर, शनिवारी भाजी, एवढंच. किलोमीटरचा आकडा जागचा हलेना, म्हणून ऑइल बदलायचीही घाई वाटेना. दहा हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं हे पाठ होतं. त्या ओळीत पुढं 'किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असंही छापलेलं असतं, ते मी वाचलंच नव्हतं. मुलांना प्रश्न पूर्ण वाचायला सांगणारी मी, याचं मला आजही वाईट वाटतं.

डाग बघून मी एका गॅरेजला गेले. त्यांनी खाली वाकून बॅटरी मारली. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, ओलं होतं. "चेंबरचं पॅकिंग गेलंय" असं सांगून त्यांनी चेंबर उतरवलं, सिलिकॉनची पेस्ट लावून परत बसवलं. जाता जाता वरच्या टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचे, बोल्टही "आवळून दिलेत" म्हणाले. पंधरा दिवस फरशी कोरडी राहिली. सोळाव्या दिवशी डाग परत आला. मी पुन्हा गेले तर उत्तर मिळालं, "मॅडम, जुनी गाडी आहे, थोडं गळणारच. मधूनमधून ऑइल टाकत जावा."

हे वाक्य आपल्याकडं किती जणांनी ऐकलं असेल! बाई चालवत असली की ते आणखी लवकर ऐकायला मिळतं. ते ऐकून मी गप्प बसले. पुढचं सगळं त्या गप्प बसण्यातून झालं.

दिवाळीत नणंदेकडं गोव्यात साखळीला जायचं होतं. चोर्ला घाटानं. दोन वर्षांतला गाडीचा पहिला लांबचा प्रवास. आत्या आणि मामा मागं बसले होते. मामा म्हणजे माझे सासरे. कणकुंबी ओलांडून घाट उतरताना गाडीत वास यायला लागला. भजी तळून झाल्यावर कढई तशीच गॅसवर राहिली तर येतो तसला. दिवाळीचे दिवस, फराळाचे डबे मागं, त्यामुळं आत्यांना वाटलं चकलीचा डबा सांडला. मामा मात्र म्हणाले, "हे खायचं तेल नव्हं." उतारावर बराच वेळ पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला होता. केरीच्या अलीकडं पुन्हा दाबला, तर आरशात मागं निळसर धूर दिसला. क्षणभरच.

येताना घाट चढत होतो. एका वळणावर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. तेलाच्या झारीचं चिन्ह. वळण संपलं, तो विझला. पुढच्या वळणाला परत लागला. मामांनी मागून जवळजवळ ओरडूनच सांगितलं, "बंद कर. आत्ता. इथंच."

त्यांनी असं का सांगितलं ते नंतर घरी कळलं. ते इथं लिहिते, कारण अकरा वर्षं गाडी चालवून मलाच ते माहीत नव्हतं. तो लाल दिवा तेल किती आहे हे सांगत नाही. तेलाला दाब आहे की नाही हे सांगतो. चेंबरच्या तळाशी जाळीची एक नळी असते, पंप तिच्यातून तेल ओढून वर पाठवतो. तेल कमी असलं आणि वळणावर ते एका बाजूला सरकलं की नळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, तिथं लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून मध्ये फक्त तेलाचा पापुद्रा असतो, केसाहूनही कितीतरी पातळ. दाब गेला की तो पापुद्रा गेला. मामा उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत वाढलेले. आमच्या बेळगावात क्रँकशाफ्ट घासून घासून मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत आणणारी माणसं गल्लीगल्लीत भेटतील. त्या मापाची किंमत त्यांना माहीत आहे. पिवळा दिवा लागला तर गाडी घरी नेऊन दाखवावी. तेलाचा लाल दिवा लागला तर पुढचं वळणसुद्धा घेऊ नये.

आम्ही कडेला थांबलो. दहा मिनिटं थांबून, त्यातल्या त्यात सपाट जागी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढली. फक्त टोकाला ओल होती. किमान आणि कमाल या दोन खुणांमध्ये साधारण एका लिटरचा फरक असतो आणि आम्ही किमानच्याही बरेच खाली होतो. सगळं मिळून इंजिनात तीनेक लिटर तेल. त्यातलं निम्मं तरी गेलेलं. संकेश्वरचा एक ट्रकवाला थांबला. त्याच्याकडं डिझेल इंजिनचं १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल होतं, डब्यात जेमतेम लिटरभर उरलेलं. माझ्या गाडीचा ग्रेड तो नव्हे. मी घुटमळले. मामा म्हणाले, "कोरडं चालण्यापेक्षा हे कधीही बरं. घरी जाऊन सगळंच बदलायचं." ट्रकवाल्यानं पैसे घेतले नाहीत. आत्यांनी त्याला चकल्यांचा डबाच दिला.

मामांनी एकतीस वर्षं उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हायड्रॉलिक सिलिंडर जोडले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. गुडघे दुखतात म्हणून फिरणं कमी झालं, मग बोलणंही. सकाळी 'तरुण भारत' पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा आणि खिडकीशी बसायचं. घरातल्या कुठल्या गोष्टीत त्यांनी लक्ष घातल्याचं मला आठवत नव्हतं. चोर्ल्याहून आलो त्या रात्री त्यांनी गाडीखाली कालचा पेपर अंथरला. चारही कोपऱ्यांना खडे ठेवले.

सकाळी पेपरावर चार जागी थेंब होते. मामांनी त्यांच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढले, पुढच्या चाकांची जागा दाखवली, पेपर घडी करून ठेवला. दुसऱ्या रात्री दुसरा पेपर. तारीख लिहायची गरजच नव्हती, ती छापलेलीच होती. आठवड्याभरात थेंबांचा नकाशा तयार झाला. कागदावर रंगही कळतो. तपकिरी-काळा आणि कडेला पसरत जाणारा डाग इंजिन ऑइलचा. हिरवा किंवा लालसर आणि गोडसर वासाचा असेल तर तो कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. कुठल्याही चाकाजवळ पिवळट, बोटाला बुळबुळीत काही सापडलं तर ब्रेकचं तेल, आणि मग गाडी हलवायचीच नाही. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, त्याची काळजी नको.

मी हिशेब केला. औषधाच्या सिरिंजनं तेल थेंब थेंब सोडून बघितलं, एका मिलिलिटरला पस्तीसच्या आसपास थेंब भरले. चौथीच्या मुलांना हे गणित फळ्यावर घातलं. रोज रात्री चाळीस थेंब गळाले तर महिन्यात किती? बाराशे थेंब, म्हणजे चौतीस-पस्तीस मिलिलिटर. एका पोरीनं विचारलं, "मग बाई, तुमचं दीड लिटर कुठं गेलं?" माझं उत्तर तयार नव्हतं. फरशीवरचा डाग म्हणजे एकूण गळतीचा अगदी थोडा भाग. खरी गळती गाडी चालू असताना होते, तेल गरम आणि पातळ असताना, आणि ती रस्त्यावर सांडते. शिवाय काही तेल इंजिन आतच जाळून टाकतं, ते तर कुठंच दिसत नाही. रात्रीचा डाग लहान आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या प्रत्येकाला त्या पोरीचा प्रश्न विचारावासा वाटतो.

मग मामा माझ्याबरोबर उद्यमबागेजवळच्या दुसऱ्या गॅरेजला आले. तिथल्या मिस्त्रींनी काहीच उघडलं नाही. आधी थंड इंजिन डिझेलच्या ब्रशनं धुतलं, फडक्यानं कोरडं केलं. तेल खाली उतरतं आणि धावत्या गाडीत वाऱ्यानं मागं ढकललं जातं, त्यामुळं सगळ्यात ओली जागा ही गळतीची जागा असतेच असं नाही. पुसून स्वच्छ केल्याशिवाय काही कळत नाही. मामा म्हणाले, कारखान्यात ते टाल्कम पावडर मारायचे. माझ्या पर्समध्ये खडूचे तुकडे होते. मिस्त्रींच्या पोरानं ते कुटून इंजिनाच्या बाजूला भुरभुरले. गाडी वीस मिनिटं पळवून आणली. पांढऱ्या भुकटीवर एक काळी रेघ उतरली होती, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यापासून थेट चेंबरपर्यंत.

"एण्णी म्यालिंद सोराकत्तैती," मिस्त्री पोराला म्हणाले. तेल वरून गळतंय. मामांनी कन्नडमध्येच काहीतरी विचारलं आणि दोघांचं सुरू झालं. सील, पॅकिंग, प्रेशर, वॉशर हे शब्द दोन्ही भाषांत एकच, त्यामुळं मला निम्मं कळत होतं. उद्यमबागेत माणसं यंत्रासमोर उभी राहिली की भाषा कुठली हे कोणी मोजत बसत नाही.

कव्हर काढलं. त्याचं रबराचं पॅकिंग मामांनी नखानं दाबलं. नख उमटेना. रबर सतत तापत-निवत राहिलं की वर्षांनी कडक होतं, मग ते पत्र्याच्या उंचसखलपणाशी जुळवून घेत नाही. त्यात आधी बोल्ट 'आवळून दिल्यानं' कव्हरची कड एका ठिकाणी वाकली होती. हे बोल्ट हलक्या हातानं, मधून बाहेरच्या बाजूला क्रमानं बसवायचे असतात. जोर लावला की पॅकिंग चेपतं आणि मधल्या जागेतून तेल वाट काढतं. स्पार्क प्लगच्या खड्ड्यातही तेल साचलेलं होतं. चढावर गाडी मधूनच धक्का द्यायची, मिसिंग करायची, त्याचं हेच कारण. आणि कव्हरवरचं तेल एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर पडायचं, तो घाटातला वास.

मला वाटलं, सापडलं. नवीन पॅकिंग घाला, झालं. खरं मामा कव्हरकडं बघत तसेच उभे राहिले. म्हणाले, "सील आपणहून एवढं गळत नाही. मागून कोणतरी ढकलालंय."

मिस्त्रींनी कव्हर तात्पुरतं बसवून इंजिन चालू केलं, तेल भरायचं झाकण काढलं आणि माझ्याकडं कागद मागितला. मी वहीचं कोरं पान फाडून दिलं. त्यांनी ते भोकावर धरलं. चांगल्या इंजिनावर तो कागद हलकेच आत ओढला जातो आणि चिकटून बसतो. आमचा कागद फडफडून बाजूला उडाला. दोनदा, तीनदा. आतून वाफ आल्यासारखी हवा बाहेर येत होती.

त्याचं असं आहे. पेट्रोल जळतं तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या कडेनं खाली, क्रँक फिरतो त्या पोकळीत उतरतो. नव्या इंजिनातही उतरतो. तो बाहेर काढायला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, पीसीव्ही म्हणतात. करंगळीएवढा. इंजिन स्वतःच्या ओढीनं त्यातून तो वायू परत आत घेतं आणि जाळतं. आमचा व्हॉल्व्ह काढून मिस्त्रींनी कानाशी हलवला. आतली गोळी खुळखुळ वाजायला हवी. वाजली नाही. काळ्या चिकट गाळानं तो बुजला होता. इंजिनाला श्वास सोडायला जागाच नव्हती, म्हणून ते प्रत्येक सीलवर, प्रत्येक पॅकिंगवर आतून रेटा देत होतं. चेंबरचं पॅकिंग बदलूनही डाग परत आला तो यामुळं. आम्ही आणखी दहा पॅकिंगं बदलली असती तरी परत आला असता.

आणि तो गाळ कुठून आला? झाकणाच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा पिवळट थर होता. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. इंजिन नीट तापलं तर ती निघून जाते. दोन किलोमीटरवरच्या शाळेला जाताना ते तापतच नाही. काटा मध्यावर यायच्या आत मी किल्ली काढते. पाणी तेलात राहतं, त्याचा गाळ होतो. आमच्याकडचा चार महिन्यांचा पाऊस, दमट हवा, आणि वर दोन वर्षांचं जुनं तेल. मिस्त्री म्हणाले, "ही गाडी कमी पळल्यानं आजारी पडल्या, मॅडम. जास्त पळून नव्हे."

मी तिथल्या बाकावर बसून राहिले. दोन वर्षं मी तिला जपते आहे अशी माझी समजूत होती.

व्हॉल्व्ह बदलायला पाच मिनिटं लागली आणि किंमत एका चांगल्या जेवणाएवढीही नव्हती. पॅकिंग नवीन घातलं, प्लगखड्ड्याची सीलं नवीन घातली, कव्हरची कड सरळ केली. चेंबर पुन्हा उतरवलं तर तेलाच्या जाळीवर आधीच्या सिलिकॉनचे दोन तुकडे अडकलेले. पेस्ट जास्त लावली की ती आतल्या बाजूलाही दबून येते, सुटते आणि नेमकी तिथं जाऊन बसते. पुन्हा आम्ही पेस्ट बोटभर नाही, रेघभर लावली. तेल आणि फिल्टर नवीन. निळ्या धुराचं म्हणाल तर उतारानंतर क्षणभर येतो तो इंजिनाच्या वरच्या व्हॉल्व्हांच्या सीलचा (पीसीव्ही वेगळा), चढावर सतत येत राहिला असता तर रिंगांचा आणि मोठ्या इंजिनकामाचा. आमचं सीलचं काम पुढच्या वर्षावर ढकललं आहे.

काढलेलं काळं तेल एका खेड्यातला माणूस मागायला आला होता, वाशांना लावायला, वाळवी लागू नये म्हणून. आमच्या भागात ही फार जुनी सवय आहे. मामांनी त्याला दिलं आणि मग त्यांच्या लहानपणाचं सांगायला लागले. घरची बैलगाडी, दांडीला टांगलेलं वंगणाचं नळकांडं, आसात एरंडेल घालून काढलेल्या रात्री. आस कुरकुरला तर शेजारच्या गाडीवाल्यालाही लाज वाटायची म्हणे. एरंडेल आणि इंजिनाचं नातंही जुनं आहे. कॅस्ट्रॉल हे नावच १९०९ साली कॅस्टर म्हणजे एरंडावरून पडलं, कारण तेव्हाच्या त्या तेलात एरंडेल मिसळलेलं असे. मामांना हे सांगितलं तर ते बराच वेळ खूश होते. उरलेलं तेल मात्र मिस्त्री पिंपात साठवतात आणि शुद्ध करणाऱ्यांना देतात. गटारात ओततात तिथं मी गाडी देणार नाही. पहिल्या पावसात रस्त्यावर जे इंद्रधनुषी तवंग दिसतात आणि ज्यांच्यावरून दुचाकीवाले घसरतात, त्यात दोन वर्षं माझ्याही गाडीचं तेल होतं. जांबोटीच्या पलीकडं कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, आणि त्या उगमाशेजारच्या रस्त्यावरून मी तेल सांडत गेले, हे मनातून जात नाही.

आता ठरलेलं आहे. रविवारी सकाळी गाडी बाहेर काढायची आणि मोकळ्या रस्त्याला किमान तासभर चालवायची. मामा आधीच तयार होऊन बसलेले असतात. निघण्यापूर्वी ते डिपस्टिक ओढतात, स्वतःच्या रुमालानं पुसतात, परत घालून ओढतात आणि उजेडाकडं धरून बघतात. रात्रीचा पेपर अजूनही अंथरतात. गेल्या महिन्यातले सगळे कोरे आहेत. आत्यांची रांगोळी जुन्या फिकट डागावरूनच निघते.

तापमानाच्या काट्यावर विश्वास ठेवू नको, असं मामांनी मला शिकवलं. तो पाणी तापल्याचं सांगतो, तेल तापायला त्याच्यानंतर आणखी वेळ लागतो. म्हणून काटा वर आला तरी लगेच वळायचं नाही. गेल्या रविवारी काटा पिरनवाडीलाच मध्यावर आला होता. किणये गेलं, जांबोटी आली, टपरीवर चहा झाला, झाकण उघडून बघितलं तर आत कोरडं, पिवळट थर कुठं नाही. मी गाडी वळवायला लागले. मामांनी खिडकीची काच खाली केली आणि समोरच्या झाडीकडं बघत म्हणाले, "कणकुंबीपर्यंत जाऊ की. तेल तापायचंय अजून."